पोट सुटलेला आठ

मित्रांनो, स्वयंपाकघराच्या खिडकीत फुटक्या काचेच्या जागी बसवलेली पत्र्याची पाटी तुम्ही कधी पाहिली आहे का? ती मी. पूर्वी मी एका स्कूटरची नंबरपाटी होते. चार, एक, शून्य, आठ हे माझे आकडे. आता पुसट झाले आहेत, पण वाचता येतात.

गोवा राज्य होऊन चार वर्षे झाली होती. साखळी गावच्या बाजारात कृष्णनाथ पेंटरने मला पांढरा रंग दिला आणि त्यावर काळे आकडे काढले. त्या काळी नंबर कोणी मागून घेत नसे, कचेरीतून येईल तो लावायचा. शेवटचा आठ काढताना कृष्णनाथ गिऱ्हाइकाशी बोलत होता, म्हणून आठाचा खालचा गोल जरा फुगला.

स्कूटर गोकुळदासांची. त्यांचे नुकतेच लग्न झाले होते. त्यांची बायको सुमंगला पहिल्यांदा मागे बसायला आली तेव्हा तिने आधी मला पाहिले.

"ह्या आठाक पोट आयलां," ती म्हणाली. "फुडें तुमकांय येतलें."

"येंव दी गो, तूंच रांदून घालतली," गोकुळदास म्हणाले.

आम्ही तिच्या माहेरी, पेडण्यातल्या हळर्णला गेलो. पुढे वर्षातून तीनचारदा जात राहिलो. तिची आई शेवंती अंगणाच्या कडेला उभी असायची. तिला वाचता येत नसे, पण पोटवाला आठ ती लांबून ओळखायची आणि लगेच चहाचे आधण ठेवायची. माझे असे कौतुक पुन्हा कोणी केले नाही.

अठरा वर्षांनी स्कूटर भंगारात गेली. भंगारवाला आला तेव्हा सुमंगलाने स्वतः स्क्रू काढून मला ठेवून घेतले आणि खिडकीत बसवले. मी गंजले, धुराने काळी झाले. पण दिवसभर ती समोर असायची. मला वाईट वाटत नव्हते.

मग गोकुळदास निवृत्त झाले आणि त्यांनी मोटार घ्यायचे ठरवले. त्याच सुमारास हळर्णहून निरोप आला की शेवंतीच्या डोळ्यांना कमी दिसू लागले आहे. डॉक्टर म्हणाले, थोडे दिसते आहे तेही जाईल.

"म्हाका हळर्णाक व्हरात," सुमंगला म्हणाली. "आवयक दिसता तेन्ना तिका मेळून येवंया." आईला दिसते आहे तोवर तिला भेटून यायचे होते.

"नवे गाडयेंतल्यान वचूंया. मात्शें राव गो."

मात्शें राव, म्हणजे थोडे थांब, नव्या गाडीतून जाऊ, असे गोकुळदासांचे म्हणणे. मोटार तयार होती, शोरूममध्ये उभी होती. पण गोकुळदासांना तिला माझाच नंबर हवा होता. ज्या नंबरावर सुमंगलाला पहिल्यांदा माहेरी नेले, त्याच नंबरावर आता न्यायचे, हे त्यांनी मनात धरले होते. असे नंबर आता ऑनलाइन लिलावात मिळतात. त्यांची मुलगी सेजल मोबाइलवर बोली लावत होती आणि ते चष्मा लावून शेजारी बसले होते. शेवटच्या मिनिटाला कोणीतरी बोलीत वर गेला. नंबर गेला.

"पप्पा, दुसरो खंयचोय घेया," सेजल म्हणाली.

"फुडली सिरीज येतली. रावूंया." पुढच्या सिरीजमध्ये अक्षरे बदलतात आणि तेच चार आकडे पुन्हा लिलावात येतात.

सुमंगला भाकरी थापत होती. ती म्हणाली, "आवय म्हाका पळयतली काय नंबराक? बशीन वचूंया. सकाळची बस आसा." आई तिला बघणार होती, नंबराला नाही.

"इतले दीस बशीन गेलीं. आतां मात्शें राव."

ती राहिली. चार महिने राहिली. रोज माझ्याकडे बघून पीठ मळायची. मला बोलता आले असते तर मी सांगितले असते की मी फक्त एक नंबर आहे.

भाद्रपदात एके सकाळी पेज गाळताना ती भांडे ठेवून खाली बसली. पुन्हा उठली नाही.

तिचे दिवस झाल्यावर आठवड्याभरात नवी सिरीज आली. सेजलने विचारले, "पप्पा, घालूं?" त्यांनी मान डोलावली. या वेळी कोणीच वर गेले नाही. त्या नंबरासाठी दुसरे कोणी आलेच नव्हते.

मोटारीला नवी पाटी लागली. मशीनवर दाबून काढलेली, चकचकीत. तिच्या आठाला पोट नाही.

पहिल्या दिवशी गोकुळदासांनी मला खिडकीतून काढले, ओल्या फडक्याने पुसले आणि पुढच्या रिकाम्या सीटवर ठेवले. आम्ही हळर्णला गेलो. शेवंती ओसरीवर बसली होती. आता तिला काहीच दिसत नव्हते. गोकुळदासांनी मला तिच्या हातात दिले. तिने बोटांनी चाचपले. आकड्यांच्या रंगाचा थर अजून बोटाला लागतो. आठाच्या खालच्या गोलावर बोट आले तेव्हा ती थांबली.

"बाबा," ती जावयाला म्हणाली, "बशीन कित्याक हाडूंक ना तिका?"

तिला बसने का आणले नाही, एवढेच तिने विचारले. गोकुळदासांनी मला तिच्या हातातून परत घेतले.

आता मी पुन्हा खिडकीत आहे. गोकुळदास स्वतःची पेज स्वतः करतात आणि मधूनच माझ्याकडे बघतात. मोटार अंगणात उभी असते. मित्रांनो, तुमच्या घरी कोणी 'मला अमुक ठिकाणी ने' म्हणत असेल, तर मिळेल त्या नंबराच्या गाडीने न्या. गाडी नसेल तर सकाळची बस आहे. ती साखळीहून अजूनही सुटते.