वरचे सात हजार

शेवंताबाईंनी चेक खिडकीच्या काचेला टेकवून धरला आणि भिंग डोळ्यांशी नेलं. अंकी पंचवीस हजार, अक्षरी पंचवीस हजार. सही होती, तारीख होती, बंगळूरच्या शाखेचं नाव होतं. चूक कुठेच सापडेना, आणि त्यानेच त्या जास्त अस्वस्थ झाल्या. मशीनची किंमत अठरा हजार ठरली होती.

सरकारी दवाखान्यात तेहतीस वर्षं नर्स म्हणून काढलेली बाई. पेशंट शेजारच्या गल्लीतला असला तरी त्याला नाव विचारल्याशिवाय आणि बाटलीवरचं लेबल दोनदा वाचल्याशिवाय त्यांनी कधी सुई टोचली नव्हती. निवृत्तीनंतर हौसेने घेतलेलं भरतकामाचं मशीन मोतीबिंदूमुळे वर्षभर चादरीखाली पडून होतं. ते विकायचं आणि डोळ्यांचं ऑपरेशन करून घ्यायचं, एवढाच त्यांचा बेत. भाची अक्षता शाहूपुरीत सायबर कॅफेत कामाला होती. तिने फोटो काढून जाहिरात इंटरनेटवर टाकली. आठवडाभरात राजवीर नावाच्या माणसाचा बंगळूरहून फोन आला, घासाघीस न करता सौदा ठरला आणि पाठोपाठ कुरियरने हा चेक.

वरच्या सात हजारांचं कारण त्याने फोनवर गोड आवाजात सांगितलं होतं. मशीन न्यायला कागलचा टेम्पो येईल, ड्रायव्हरच्या हाती सात हजार रोख द्यायचे, तो आपलं भाडं ठेवून घेईल आणि उरलेले कागलातल्या आपल्या माणसाला देईल. दोन वेगळे चेक कशाला लिहायचे, मॅडम? जन्मभर 'शिष्टर' अशी हाक ऐकलेल्या शेवंताबाईंना त्या 'मॅडम'चाच पहिला संशय आला. तरी चेक त्यांनी बँकेत भरला.

दुसऱ्याच दिवशी टेम्पो दारात उभा राहिला. ड्रायव्हरचं नाव आकाराम, वय पन्नाशीच्या आसपास, शर्टाची कॉलर विरलेली. त्याची नजर आधी मशीनकडे गेली आणि मग बाईंकडे, हे त्यांनी बरोबर टिपलं. दारात आलेल्याला बसा म्हणायची रीत त्यांनी त्या दिवशी गुंडाळून ठेवली.

"चेक पास झाल्याबिगर मशीन हलायचं न्हाय, पावणं. आणि रोख पैसे तर न्हायच."

"मला आजच घेऊन या म्हटलंय की."

"म्हणू दे."

चार दिवसांनी अक्षता पासबुक भरून आणायला गेली, तर पंचवीस हजार जमा झालेले दिसले. पोरीला काय आनंद झाला. राजवीरचा फोन नेमका तेव्हाच तिच्या मोबाइलवर आला आणि तिने त्याला ते सांगूनही टाकलं. घरी येऊन पासबुक मावशीला दाखवलं, राजवीरच्या फोनचं मात्र सांगायला विसरली. शेवंताबाई स्वतः बँकेत गेल्या. काउंटरवरच्या बाईने त्यांना समजावलं की आकडा दिसतो म्हणजे पैसे आले असं नाही. बंगळूरहून चेक पास होऊन यायला वेळ लागतो, आणि परत आलाच तर हे पंचवीस हजार खात्यातून वजा होतात. मधल्या काळात तुम्ही कुणाला सात हजार दिलेत तर ते तुमच्या खिशातले गेले.

त्या घरी पोहोचतात तोवर आकाराम पायरीपाशी हजर. साहेबांचा फोन आला होता, त्याने सांगितलं, बाईंना पैसे मिळालेत म्हणून. शेवंताबाईंनी कान टवकारले. आपल्या पासबुकातली गोष्ट या टेम्पोवाल्याला कशी कळली? दोघे एकाच माळेचे मणी, अशी त्यांची खात्री पटली. त्यांनी आत जाऊन जाळीच्या दाराला कडी घातली आणि आतूनच त्याला वाटेला लावलं.

नवव्या दिवशी चेक परत आला. खातं केव्हाच बंद झालेलं होतं. राजवीरचा फोनही बंद. मशीन घरात, सात हजार शाबूत, गेले ते बँकेने कापलेले थोडे पैसे. शेवंताबाईंना स्वतःचा मनापासून अभिमान वाटला, आणि दुपारी आकारामचा टेम्पो तिसऱ्यांदा गल्लीत वळलेला दिसला तेव्हा तो चेक घेऊन त्या जवळजवळ उत्साहानेच बाहेर आल्या.

"हा घ्या तुमच्या सायबाचा चेक. आता दोघं मिळून दुसरी म्हातारी हुडका."

आकारामने चेक उलटसुलट करून पाहिला. मग तो पायरीवर खाली बसला. त्या साहेबाचं तोंडसुद्धा त्याने पाहिलेलं नव्हतं. टेम्पोच्या मागे लिहिलेल्या नंबरावर फोन आला होता, दीड हजार भाडं कबूल झालं होतं, तेही बाईंच्या पैशातून घ्यायचं. डिझेल पदरचं घालून कागलहून तीन खेपा झाल्या, त्यापायी मांडववाल्याची दोन भाडी हातची गेली, आणि कालपासून साहेबाचा फोन बंद होता. हे सगळं तो खाली बघत, एकेक आठवून सांगत होता.

ऐकता ऐकता शेवंताबाईंचा चेहरा उतरला. त्यांना फार वाईट वाटलं. डिझेलचे पैसे मी देते, आधी आत येऊन बसा, च्या टाकते, असं त्या म्हणाल्या आणि दार सताड उघडलं. आकाराम जागचा उठला नाही.

"च्या नगं. येताना मी पोलीस चौकीत जाऊन आलोय, बाई. तुमचं नाव दिलंय. पैसे घेतलेत, आता मशीन बी देईनात आन् भाडं बी देईनात, असं लिहून दिलंय. हवालदार येतील सांजपातूर."

शेवंताबाईंनी चौकटीला हात लावला. तेहतीस वर्षांच्या नोकरीत त्यांना साधा मेमो मिळाला नव्हता.

"माझ्याकडं बघून तुमाला तसं वाटलं?"

आकारामने चेकची घडी घातली आणि त्यांच्या हातात परत दिली. त्याच्या आवाजात राग नव्हता.

"तुमाला माझ्याकडं बघून काय वाटलंतं?"

शेवंताबाईंनी आत जाऊन चपला घातल्या, दाराला कुलूप लावलं आणि चौकीत जायला त्याच्याच टेम्पोत चढून बसल्या.