जी ऐंशी काढून टाक

राजेश्वर गावच्या उद्धवरावांनी तुरीची अडत सोडून कलबुर्गीच्या औद्योगिक वसाहतीत वर्कशॉप टाकलं, लिहून दिलेल्या प्रोग्रॅमवर आपोआप चालणारं सीएनसी मशीन आणलं. पण माणूस असो की लोखंड, पारखायची त्यांची रीत कीर्तनातलीच राहिली. कंप्रेसर खरखरला की म्हणायचे, "सूर सोडला बघ यानं."

डिप्लोमा करून आलेल्या चैत्राला इथं सहा महिने झाले होते. तिचं कायमच्या नेमणुकीचं पत्र ऑफिसातल्या टेबलावर सहीविना पडलं होतं. "आज तुझं काम उभं राहून बघतो, मग सही," असं उद्धवरावांनी सकाळीच सांगितलं होतं.

काम साधंच. डाळ मिलच्या रोलरची फ्लँज, म्हणजे जोडाची जाड चकती, तिच्यात गोलाकार आठ भोकं. चैत्रानं प्रोग्रॅमचा कागद पुढं केला.

"एवढुसा? आठ भोकाला पंधराच ओळी? बाकीचं कोण लिहिणार, मी?"

"अण्णा, ही ओळ बघा. जी त्र्याऐंशी, मशीनला दिलेला हुकूम. हे ध्रुवपद. किती खोल जायचं, किती दमानं जायचं, सगळं ह्यात आलं. खाली नुसत्या भोकांच्या जागा. महाराज एकेक चरण म्हणत्यात अन् टाळकरी आपसूक ध्रुवपदावर येत्यात का न्हाई? तसं."

हे वाक्य तिनं चार दिवस डबा खाताना घोकलं होतं, ते फळाला आलं. मशीन सुरू झालं. ड्रिल थोडं खाली जायचं, वर येऊन चुरा झटकायचं, पुन्हा जरा खोल. उद्धवरावांचे हात आपोआप टाळीला आले.

"वर येऊन दम घेतंय, अन् पुन्हा खोल! साधना हाय गं ही!" आठव्या भोकाला त्यांनी रामकृष्णहरी म्हटलं आणि भरल्या डोळ्यांनी कागद वाचू लागले. "अन् हे जी ऐंशी काय?"

"तिथं ध्रुवपद बंद करायचं, अण्णा," चैत्रा भाबडेपणानं बोलून गेली.

टाळी थांबली. "बंद? नाम बंद कामून करायलीस? काढून टाक ते."

"न्हाई काढता येत, अण्णा. पुढच्या ओळीला मशीनचं टेबल दाराकडं सरकतंय, झालेली फ्लँज काढायला. ध्रुवपद चालू ऱ्हायलं तर मशीन तिथंबी भोक पाडतंय. तिथं फ्लँज आवळून धरणारा क्लँप हाय. ड्रिल मोडंल, मशीनचं वाटोळं व्हईल."

"नाम घेऊन कुणाचं वाटोळं झालंय आजपतुर? सही पाह्यजे का नको?"

तिकडं गावी, मन्नाएखेळ्ळीत, तिची आई कमलम्मा 'पोरगी पर्मनंट झाली' म्हणून हायवेवरच्या अर्ध्या टपऱ्यांना सांगूनही मोकळी झाली होती. चैत्रा पॅनेलपाशी गेली. जी ऐंशी पुसलं. पुढच्या ओळीच्या तोंडाला मात्र जी शून्य-शून्य घातलं. जी शून्य-शून्य म्हणजे नुसतं भरकन सरकणं. ते आलं की भोकांचं चक्र आपोआप सुटतं, ऐंशी असो की नसो. हे मशीनच्या पुस्तकातच लिहिलेलं होतं, पण उद्धवरावांच्या वाचनात ते पुस्तक नव्हतं.

दुसरी फ्लँज लागली. आठ भोकं पडली, टेबल सरकलं, क्लँप ड्रिलखालून सुखरूप निघून गेला.

"बघितलंस?" उद्धवराव गरजले. "काढलं तरी काय झालं न्हाई! शिकलेल्या लोकांचा विश्वासच कमी." मग पडद्याकडं वाकून म्हणाले, "पण आता थांबलं कशानं? हे दोन शून्य कशाचे?"

चैत्राच्या घरी रोज लिंगायत शरणांची वचनं गायली जात. तिच्या तोंडून आपसूक निघालं, "आमच्यात म्हणत्यात अण्णा, बंद असं काही करायचं नसतंय. सगळं शेवटाला शून्यात मिळतंय."

वेळ मारून न्यायला बोलली होती. बोलल्यावर तिला ते खोटं वाटेना.

उद्धवरावांनी छातीवर हात ठेवला, नेमणुकीचं पत्र मागवलं, खिशातला पेन काढला आणि तिथंच, मशीनच्या दारावर ते टेकवून सही केली. मग पेनाचं टोपण लावत ते लेथवरच्या माणसाकडं वळले.

"प्रभुलिंगा, तुझ्या प्रोग्रॅमात शून्य कुठाय?"

प्रभुलिंग नऊ वर्षं हातानं फिरवायच्या लेथवर होता. त्याला प्रोग्रॅमच नव्हता. त्यानं चैत्राकडं बघितलं. "एक शून्य लिहून देते, प्रभूअण्णा," ती हळूच म्हणाली, "मशीनवर चिटकवा."