दाराच्या आत लावलेली पाटी

मी पाटी आहे. शाळेतली नव्हे आणि घराच्या दारावरची तर नव्हेच. तळहाताएवढी, पोलादाची, चार कोपऱ्यांना चार भोकं असलेली. विमानाच्या दारातून आत शिरलात की डाव्या हाताला मला स्क्रूनं बसवतात. तुमच्यापैकी कितीतरी जण माझ्या शेजारून गेले असतील आणि एकानंही थांबून मला वाचलं नसेल. त्याचा मला राग नाही. मी रोज वाचण्यासाठी नाहीच. ज्या दिवशी विमानाचं बाकी काहीच ओळखता येणार नाही, त्या दिवसासाठी मी आहे.

हे मला जन्मतःच कळलं. ज्या कारागिरानं माझ्यावर अक्षरं कोरली, त्यानं मला चिमट्यात पकडून ज्वाळेवर धरलं. लालभडक होऊ दिलं, मग पाण्यात बुडवलं आणि अक्षरं नीट वाचता येतात का ते पाहिलं. "हां, ही टिकेल," असं म्हणून तो जेवायला गेला.

अक्षरं दिली होती नोंदणीबाईंनी. त्यांची खोली लहान, खिडकी कायम बंद आणि टेबलावर चष्म्याची तीन घरं. विमानाची कागदपत्रं घेऊन ताई त्यांच्याकडे आली होती. ताई म्हणजे हँगरमधली, विमानं ठेवायच्या शेडमधली, रंगारीण. विमानांच्या पंखांवर आणि अंगावर अक्षरं रंगवायची ती.

"बाई, एखादं छानसं नाव द्या की," ताई म्हणाली.

"अगं, हे काय बारसं आहे?" बाई हसल्या. "पहिली अक्षरं आपल्या देशाची. ती सगळ्या देशांनी एकत्र बसून ठरवलेली. पुढची तीन विमानाची, रांगेत येतील ती. संकटातल्या हाकेसारखी ऐकू येतील, अशी तेवढी आम्ही वगळतो. उगाच कुणाची घाबरगुंडी नको."

त्या दिवशी दोन विमानांची नोंद झाली. माझ्या विमानाला आलं व्ही-डी-एम, दुसऱ्याला व्ही-डी-एन. विमानतळावर सगळे त्यांना एम आणि एन म्हणू लागले. जुळ्या बहिणींना हाक मारावी तसं.

एम चालवायचा ताईचा धाकटा भाऊ. बाकीच्यांसाठी तो कॅप्टनसाहेब, ताईसाठी छोट्या. भर धावपट्टीवर ती "छोट्या, डबा विसरलास!" म्हणून ओरडायची आणि त्याच्या खांद्यावरच्या पट्ट्यांची पार रया जायची. एन चालवायचे गुरुजी. ते काही शाळामास्तर नव्हते, पण छोट्यासकट तिथल्या निम्म्या वैमानिकांना त्यांनीच उडायला शिकवलं होतं, म्हणून गुरुजी. रेडिओवर अक्षरं सांगायची झाली की ते इतक्या सावकाश आणि स्वच्छ सांगायचे, की ऐकणाऱ्याला वाटावं, आता हे शुद्धलेखन घालणार.

दिवस बरे होते. आम्ही डोंगरातल्या गावांना औषधं न्यायचो, तिथून रुग्ण आणायचो. खिडकी उघडत नाही म्हणून भांडणारे आजोबा मी पाहिले आहेत. विमान हललं की शेजारच्या अनोळखी माणसाचा हात घट्ट धरणाऱ्या आणि उतरल्यावर त्याला ओळखही न दाखवणाऱ्या बायका पाहिल्या आहेत. माणसं भीतीत फार लवकर नातेवाईक होतात.

मग डोंगरापलीकडे गोळीबार सुरू झाला.

मेजरसाहेब हँगरमध्ये आले तेव्हा त्यांचे बूट स्वच्छ होते आणि आवाज मऊ होता. एन रुग्णांसाठी राहील, एम सैन्याकडे जाईल, असं त्यांनी सांगितलं. ताईनं एमच्या अंगावरची अक्षरं खरवडली आणि त्यांनी दिलेला नंबर रंगवला. रंगवता रंगवता तिनं सहज विचारलं, "साहेब, याच्या आधीचा नंबर कुठल्या विमानाचा?"

"आधीचा कुठलाच नाही. मधले आकडे आम्ही गाळतो. समोरच्याला मोजता येऊ नयेत ना."

ताईचा ब्रश क्षणभर थांबला. आतापर्यंत तिनं जे काही रंगवलं होतं, ते लोकांना कळावं म्हणून. हे कळू नये म्हणून होतं.

"आणि आतली पाटी? ती काढायला हवी. नोंदणीबाईंकडे जाऊन नावही रद्द करायला हवं."

"राहू द्या हो. आत कोण बघतंय?"

अशी मी राहिले. बाहेर नंबर आणि आत मी. रुग्णांच्या जागी पेट्या आल्या. त्या कुणाचा हात धरत नसत.

एके दुपारी छोट्या परतला तो शेपटीला भोकं घेऊन. खाली जमलेल्यांसमोर तो हसला. "नेम चुकला त्यांचा," म्हणाला. पण त्याआधी बसल्या जागी पट्टा सोडवायला त्याला चार वेळा प्रयत्न करावा लागला होता. ते फक्त मी पाहिलं. ताईनं एका भोकात बोट घालून पाहिलं.

दोनच दिवसांत मेजरसाहेब पुन्हा आले. "नंबर काढा. जुनी अक्षरं परत लावा."

ताईचा चेहरा उजळला. "म्हणजे एम परत आपलं?"

"नाही. पेट्या जातच राहतील. फक्त अक्षरं लावा."

ते गेल्यावर भावंडांचं भांडण माझ्यासमोर, दारातच झालं.

"मी नाही रंगवणार," ताई म्हणाली. "ती अक्षरं बघून लोक गोळी घालत नाहीत, छोट्या. विश्वास ठेवतात."

"म्हणूनच तर! ताई, तुला मी जिवंत हवा आहे की नको?"

"काहीतरी बोलू नकोस. एकदा त्यांना कळलं ना, की मग कुणाच्याच अक्षरांवर ते विश्वास ठेवणार नाहीत. उद्या एन जाईल. गुरुजी जातील."

"कळणार नाही."

"आणि कळलं तर?"

छोट्या शेपटीकडे बघत राहिला. भोकांवर ठिगळं लावलेली होती, ती अजून रंगवायची होती. ताईनं डोळे पुसले, शिडी ओढली आणि वर चढली. एवढी वाकडी अक्षरं तिनं आयुष्यात कधी काढली नव्हती. उतरून तिनं ती पुसली आणि पुन्हा सरळ काढली. भावाचा जीव त्यांवर होता.

त्यानंतर डोंगर ओलांडताना खालून रेडिओवर त्या समोरच्यांचा आवाज यायचा, "कोण जातंय?" छोट्या अक्षरं सांगायचा आणि म्हणायचा, "रुग्ण आणि औषधं." खालचा आवाज म्हणायचा, "जा. पुढे वारा आहे, सांभाळून."

मला वाटतं, त्या "सांभाळून"नंच छोट्याची झोप उडाली. शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

मग एकदा पलीकडच्या उघड्या धावपट्टीवर पेटी उतरवताना ती निसटली आणि फुटली. आतली काडतुसं उन्हात चमकत पसरली. समोरच्या टेकडीवरही काहीतरी चमकलं. दुर्बीण असेल किंवा नुसता काचेचा तुकडा असेल. "कुणी पाहिलं नसेल," छोट्या म्हणाला. कुणी विचारलं नसताना म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं. आम्ही रिकामे परतत होतो. आमच्या मागे, डोंगराच्या अंगाला, एन होतं. रेडिओवर गुरुजींचा आवाज आला. तोच सावकाश, स्वच्छ आवाज.

"व्ही-डी-एन. रुग्ण आहेत. दोन बाळंतिणी आहेत."

खालून आवाज आला, "हेच सांगतात सगळे."

"पुन्हा सांगतो. व्ही-डी-एन. मी खाली येतो, तुम्ही डोळ्यांनी अक्षरं वाचा."

"काल पण वाचली होती."

छोट्यानं बोलायचं बटण दाबलं. मला ते खट्ट ऐकू आलं. तो एवढंच म्हणाला असता, "कालच्या पेट्या माझ्या होत्या," तरी पुरे होतं. त्याचं तोंड उघडलेलं होतं. पण आमच्याखाली अजून डोंगर होता, आणि डोंगरावर तेच लोक होते. त्यानं बटण सोडलं.

गुरुजींनी आणखी एकदा अक्षरं सांगितली. तितक्याच सावकाश. तिसरं अक्षर अर्धं राहिलं.

हँगरमध्ये ताई वाट बघत उभी होती. तिथल्या रेडिओवर तिनंही ऐकलं होतं.

"तू ऐकत होतास?"

"हो."

"बोललास?"

"बटण दाबलं. मग सोडलं." ताईनं हात उगारला, आणि मग त्याच हातानं त्याला जवळ ओढलं. "मेजरसाहेबांसमोर मीही गप्पच बसले आणि ब्रश हातात घेतला रे," एवढंच ती म्हणाली. दोघं बहीणभाऊ दारातच खाली बसून रडले. मेजरसाहेब येऊन गेले, पण त्यांच्याकडे कुणी पाहिलं नाही.

संध्याकाळच्या आत ताईनं मला उचकटून काढलं, रुमालात गुंडाळलं आणि नोंदणीबाईंच्या टेबलावर ठेवलं. "हे नाव बंद करा."

बाईंनी चष्मा बदलला. नोंदवहीत एमवर रेघ मारली, मग त्याखालच्या एनवर. दुसरी रेघ मारायला त्यांना बराच वेळ लागला. "ही अक्षरं आता कुणालाही देणार नाही," त्या म्हणाल्या आणि मला कपाटाच्या खालच्या खणात ठेवून त्यांनी कुलूप लावलं. खणात माझ्यासारख्या पुष्कळ जणी होत्या. मोडलेल्या, विकलेल्या, थकलेल्या विमानांच्या पाट्या. एनची मात्र आली नाही.

एम पुन्हा नंबर लावून उडतं म्हणे. छोट्या उडत नाही. तो ताईच्या घरी असतो आणि रेडिओ लावू देत नाही. ताई आता बसगाड्या रंगवते. हे सगळं मला बाईंकडून कळलं. सवड मिळाली की त्या खणाजवळ खुर्ची ओढून बोलत बसायच्या.

पण गेल्या आठवड्यात बाईंची बदली झाली. आता किल्ली दुसऱ्याच कुणाकडे आहे. तो बोलत नाही. बूट स्वच्छ असतात. खण उघडतो, आमच्यावरून बोट फिरवतो, एखादीवर थांबतो आणि तिला खिशात घालून जातो. काल माझ्या शेजारची गेली. ती परत आलेली नाही; पेट्या नेणाऱ्या कुठल्यातरी विमानाच्या दारात लागली असेल.

म्हणून घाईनं सांगते. तुम्ही विमानात चढाल, तेव्हा दारात क्षणभर थांबा. मागचे लोक कुरकुर करतील, करू द्या. डाव्या हाताला बघा. पाटी जुनी असेल आणि तिच्या स्क्रूंच्या खाचा ताज्या खरवडलेल्या दिसल्या, तर आपली पिशवी उचला आणि खाली उतरा. शेजारच्या माणसालाही हाताला धरून उतरवा. आणि काहीही झालं तरी, कुणीतरी बोला.

किल्ली फिरली. बोट माझ्यावर थांबलं आहे.