विड्यातला दात

"ओढला तरी निघत नाही?" पुष्पलताने दुसऱ्यांदा विचारलं.

"नाही निघत," डॉक्टर म्हणाले. "जबड्याच्या हाडात एक बारीक स्क्रू बसवायचा. पाच-सहा महिन्यांत हाड त्याला घट्ट धरतं. मग त्याच्यावर दात चढवायचा. तार नाही, रोजची काढघाल नाही. आपला दात असतो, तसाच."

डॉक्टर तरुण होते. मुंबईहून शिकून आलेले, सीताबर्डीवर नवा दवाखाना, दारावर नवी पाटी. हाडात दात रोवायची विद्या आपल्याकडे तेव्हा कुठे येऊ लागली होती. सामान परदेशातून यायचं आणि ते बसवायला त्यांचे मुंबईचे सर अधूनमधून नागपूरला येणार होते. त्यामुळे समोरच्या बाईंपेक्षा डॉक्टरांनाच उत्साह जास्त होता.

"पण बाई, इतकी वर्षं प्लेट वापरता तुम्ही. आता एकदम काय मनात आलं?"

"मुलीचं लग्न आहे मे महिन्यात."

"म्हणजे फोटोसाठी!"

"तसंच समजा," पुष्पलता म्हणाली.

डॉक्टरांनी एक्स-रे काढला आणि तो धुऊन वाळेपर्यंत तिला बाहेरच्या बाकावर बसवलं. पर्स मांडीवर घेऊन ती बसली. आयुष्यात इतक्या आशेने ती कशाचीच वाट पाहत बसली नव्हती. लग्नाच्या मुहूर्ताचीसुद्धा नाही.

वरचा, समोरचा दात. गेला तेव्हा ती बारा वर्षांची होती. भिवापूरच्या घरी विहिरीवर रहाटाचा दांडा हातून सुटला, उलटा फिरला आणि तोंडावर बसला. वडिलांनी नागपूरला आणून दात बसवून दिला. गुलाबी प्लेट, तिच्यावर एक दात, दोन्ही बाजूंना तारेचे आकडे. झोपताना काढायची, सकाळी घासून लावायची. वाढत्या वयात एक-दोनदा बदलली, एवढंच. पोर दिसायला नीटस, मॅट्रिक झालेली. त्या एका दाताची घराबाहेर कुणाला गंधवार्ता नव्हती.

नागपूरचं स्थळ आलं, मुलगा मधुसूदन, वीज मंडळात. पुष्पलता आईला म्हणाली, "आई, मी सांगून टाकते त्यायले."

रुख्मिणीबाईंनी कपाळावर हात मारला. "काहून? कोनी इचारलं का तुले? त्यायले पोरगी पाहाची आहे वं, बैल नाही घेऊन राहिले दात मोजाले! लगन झाल्यावर समजलं तं समजलं. हसतील त्यायचे दात दिसतील."

झालं. मुलगी दाखवण्याच्या दिवशी पुष्पलता ओठ मिटून हसली. साखरपुड्यात ओठ मिटून हसली. रुख्मिणीबाई सगळीकडे तिच्या कोपराशी उभ्या. कुणी उसाचं कांडं पुढे केलं तरी त्या मध्येच उचलून घेत. सारं डोळ्यात तेल घालून पार पाडलं आणि नेमकी एक गोष्ट घरातल्या सगळ्या शहाण्या बायका विसरल्या. लग्न लागल्यावर विडा तोडायचा असतो.

नवरीने विड्याचं एक टोक दातात धरायचं आणि नवऱ्याने दुसरं टोक आपल्या दातांनी तोडायचं. नवरीने सैल धरला, तर जन्मभर नवऱ्याच्या मुठीत राहील म्हणतात. भोवती दोन्हीकडच्या बायकांचा कोण गलका! मामीने विडा चांगला जाडजूड वळला होता. "घट्ट धर वं पोरी! सोडू नको!" मामी ओरडली. पुष्पलता आज्ञाधारक पोर. आनंदात तिचं तिलाही भान राहिलं नाही. तिने घट्ट धरला.

मधुसूदनने हिसका दिला. विडा तुटला नाही, अख्खाच्या अख्खा गेला, आणि त्याच्यासोबत प्लेटही गेली. नवऱ्याच्या तोंडात विडा, विड्याला लटकलेली गुलाबी प्लेट आणि प्लेटवर पुष्पलताचा दात. मग नवऱ्याकडच्या बाजूने कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग सारा मांडव लोटपोट झाला.

तिला परत पाठवलं नाही कुणी. सासू आठ दिवस धुमसली आणि थंडावली. मधुसूदन तर वाईट माणूस नव्हताच. दारू नाही, मारहाण नाही. बायकोला टेलिफोन एक्स्चेंजची नोकरी लागली तेव्हा त्याने पेढे वाटले. तक्रार करावी तर कुणाकडे आणि कशाची? फक्त एवढंच झालं, की मधुसूदनला गोष्ट सापडली.

बिचाऱ्याच्या आयुष्यात दुसरं काही घडलंच नव्हतं. घर, ऑफिस, घर. पण कुणाचंही लग्न असो, बारसं असो, सुपारी कातरत तो सुरू करायचा, "आमच्या वेळची गंमत सांगू का?" मामीचा आवाज काढायचा. हिसका कसा दिला ते मान झटकून दाखवायचा. मग तळहातावर नसलेला दात ठेवून तो सगळ्यांपुढे फिरवायचा, "ओळखा पाहू, कोणाचा?" माणसं हसून हसून डोळे पुसत. आणि शेवटी तो हमखास तिच्याकडे वळायचा, "हो की नाही, पुष्पा?" मग ती पदर तोंडाशी नेऊन हसायची. त्याशिवाय गोष्ट पुरी होत नसे.

एक्स्चेंजमध्ये तिचा मान होता. ट्रंक कॉल जोडून देताना जबलपूरचे शेठ आणि अमरावतीचे वकील तिच्या आवाजाला अदबीने मॅडम म्हणत. मग कामठीला तिच्याबरोबरच्या एका बाईच्या मुलाचं लग्न झालं, मधुसूदन आला आणि त्याने सुपारी कातरली. सोमवारी ती कानावर हेडफोन चढवून बसली, तर शेजारच्या दोघी तोंडात पदराचा बोळा कोंबून हसत होत्या. त्या दिवशी घरी गेल्यावर तिला त्याचा गळा धरावासा वाटला होता. तिने कणीक मळली.

आणि आता जयाचं लग्न. एकुलती मुलगी. नवे व्याही, नवी माणसं, समोर विडा. तो गोष्ट सांगणार हे सूर्य उगवण्याइतकं ठरलेलं होतं. पण हाडात रोवलेला दात असला तर? तर सांगू दे की त्याला. तीही म्हणेल, होता एकेकाळी तसा. आता ओढून दाखवा!

"या, बाई."

आत डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला होता. चेहऱ्यावरचा उत्साह उतरला होता.

"दात नसतो ना, तिथलं हाड हळूहळू ओसरत जातं. काम उरत नाही त्याला. तुमचं फार ओसरलंय. स्क्रूला धरायला काही शिल्लकच नाही."

"आणि शेजारच्या दातांवर टोप्या घालून मधे दात अडकवतात, ते?"

"ब्रिज. पण तारांनी शेजारचे दातही सैल झालेत. ते स्वतःलाच जेमतेम धरून आहेत, तिसऱ्याला काय धरणार? तिकडे परदेशात कंबरेचं हाड काढून लावतात. मी तुम्हाला तो सल्ला देणार नाही." मग त्यांना वाईट वाटलं असावं. "दहा-पंधरा वर्षं आधी आला असतात, तर काही करता आलं असतं."

"तेव्हा हा स्क्रू होता का तुमच्याजवळ?"

"नाही," डॉक्टर म्हणाले.

चणे आहेत तर दात नाहीत म्हणतात. इथे दात होता, तर हाड नव्हतं. पुष्पलताने डॉक्टरांचे आभार मानले आणि ती घरी आली.

रात्रीचं जेवण झाल्यावर ती मधुसूदनला म्हणाली, "अहो, एक मागू का?"

"माग नं."

"जयाच्या लग्नात ते विड्याचं सांगू नका."

तो खरोखरच बुचकळ्यात पडला. "काहून? तुले राग येते का त्याचा? मी तं प्रेमानं सांगतो, पुष्पा. सारे खुश होतात. तू बी तं हसते."

"हसते. पण नका सांगू."

"बरं बाप्पा, नाही सांगत," तो हिरमुसून म्हणाला. "लेकीच्या लग्नात बापानं तोंडाले कुलूप लावून बसावं म्हनते."

तो शब्द त्याने पाळला, हे सांगायला हवं. मे महिन्याचं ऊन, मंगल कार्यालयात पंखे नुसतीच गरम हवा ढवळत होते. लग्न लागलं. मुलाचे वडील गोपाळराव आणि आई इंदूबाई साधी, बोलकी माणसं होती. विड्याचं तबक आलं, बायकांचा गराडा पडला. मधुसूदन ओठ घट्ट मिटून उभा होता. दोनदा त्याने पुष्पलताकडे पाहिलं. पाहा, कसा गप्प आहे, असा त्याचा चेहरा. पुष्पलताचा जीव भांड्यात पडला. आज पहिल्यांदा तो नवरा आपला वाटला तिला.

जयाने विडा हातात घेतला आणि तोंडाशी नेता नेता तिला हसू फुटलं.

"थांबा नं सारेजन! आधी आमच्या आईच्या विड्याची गोष्ट तं ऐका!"

"जये," पुष्पलता म्हणाली. गलक्यात ते कुणाला ऐकू गेलं नाही.

"आईनं असा विडा धरला. मामी ओरडली, घट्ट धर वं पोरी! आन् बाबांनी असा दिला हिसका..." जयाने बापासारखीच मान झटकली. नेमकी तशीच. मग मेंदीचा तळहात पुढे केला. "ओळखा पाहू, कोनाचा?"

इंदूबाई हसल्या, नणंदा हसल्या, नवरा मुलगा तर खाली बसला हसून. जयाच्या मनात वाईट काही नव्हतं. नव्या माणसांना हसवून पहिल्याच दिवशी आपलंसं करायचं होतं तिला, आणि माहेराहून नेण्यासारखं हेच तिच्याजवळ तयार होतं. लहानपणी या गोष्टीशिवाय ती झोपत नसे.

"विड्याले लवंग टोचली होती, तिच्यात तार अडकली आन्..."

"लवंग नाही वं, वेलदोडा होता!" मधुसूदनला राहवलं नाही. "आतमंदी अख्खा वेलदोडा. त्याच्यानंच तं अडकला!"

"हो, वेलदोडा!" जया तिच्याकडे वळली. "हो की नाही, आई?"

सगळे तिच्याकडे पाहत होते. पुष्पलताचा हात पदराकडे गेला. आपोआप जायचा तो. पण आज तिला हसू आलंच नाही. या गोष्टीसाठी लागणारं हसू संपून गेलं होतं.

"हो," ती म्हणाली.

विडा तुटला, टाळ्या झाल्या. विहिणीची पंगत मांडली गेली. रांगोळ्या, उदबत्त्या, इंदूबाईंना मधलं पान. त्यांनी पुष्पलताचा हात धरला. "विहीणबाई, माझ्या शेजारी बसा तुम्ही."

लग्नाच्या पंगतीत पुष्पलता कधी बसत नसे. घास चावताना प्लेट उचलते, खाली शितं शिरतात. सगळ्यांचं उरकल्यावर कोठीघरात भिंतीकडे तोंड करून, प्लेट काढून ती जेवून घ्यायची. मुलीची आई मागून जेवते, म्हणून आजही चाललं असतं.

ती बसली. पुरी वाढली गेली. तिने अंगठा वरच्या ओठाआड नेला, प्लेट काढली, फुलपात्रातल्या पाण्याने धुतली आणि पानाच्या डाव्या अंगाला, मिठालिंबाशेजारी ठेवली. गुलाबी प्लेट, दोन आकडे, एक दात. इंदूबाईंचा घास हातातच राहिला. समोरच्या रांगेतलं बोलणं एकेक करून थांबत गेलं.

जया पाठीमागून वाकली. "आई, काय करून राहिली? लोक पाहून राहिले नं!"

"पाहू दे. जेवून राहिली मी."

दाताच्या फटीतून वारा सुटून शब्द बोबडे आले. पुष्पलताला ते ऐकू आले, आणि तिने तोंड झाकलं नाही. मधुसूदन भाताचं पातेलं घेऊन आग्रह करत रांगेतून येत होता. पानाजवळ आला आणि त्याचा झारा थांबला.

"वाढा नं," ती म्हणाली.

त्याने वाकून भात वाढला. वर तिच्या तोंडाकडे त्याने पाहिलं नाही. तसाच पुढच्या पानाकडे सरकला आणि तिथे आग्रह करायचा विसरला. पुष्पलताने वरण कालवलं. पंगत उठेपर्यंत कुणी हसलं नाही, आणि ती पोटभर जेवली.