मावशीच्या हातचं

करुणा आपल्या आईला मावशी म्हणायची. यात नवल वाटायचं कारण नाही. आपल्याकडं आईला वहिनी म्हणणारी, अक्का म्हणणारी, नुसतं बाई म्हणणारी माणसं गल्लोगल्ली सापडतात. घरातली मोठी पोरं जी हाक मारतात तीच धाकटं उचलतं. केसरबाईची बहीण बाळंतपणात गेली तेव्हा तिची दोन पोरं, रूपा आणि सम्यक, पिशोरला केसरबाईच्या पदराखाली आली. ती दोघं मावशी म्हणायची, म्हणून करुणाही मावशीच म्हणायला लागली. शाळेच्या दाखल्यावर आईचं नाव केसरबाई होतं, पण घरात तिला आई म्हणणारं कुणीच नव्हतं. पिशोरात याचा कधी घोटाळा झाला नाही, कारण कोण कुणाच्या पोटचं हे तिथं सगळ्या गावाला पाठ असतं.

घोटाळा झाला तो संभाजीनगरात, पुंडलिकनगरच्या दोन खोल्यांत, आणि तोही करुणाच्या ब्लॉगवर.

वडील, सखाराम, वारल्यावर केसरबाई लेकीकडं राहायला आली होती. करुणाचा नवरा राजकुमार चिकलठाण्याच्या एका कंपनीत सुपरवायझर. सकाळी सातला घर सोडायचा. करुणाची शाळेतली कंत्राटी नोकरी त्याच वर्षी सुटली होती आणि घरात बसून तिचं डोकं फिरायची वेळ आली होती. एक दिवस तिनं मावशीच्या कुळथाच्या शेंगोळ्यांचा फोटो काढला, खाली चार ओळी लिहिल्या आणि टाकून दिल्या इंटरनेटवर. ब्लॉगला नाव दिलं, ‘मावशीच्या हातचं’. तेव्हा तिच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, हे आधीच सांगितलेलं बरं. पुढं तिच्यावर चिडायची वेळ येणार आहे.

पहिलं वर्षभर तो ब्लॉग रूपा आणि सम्यकशिवाय कुणी वाचला नाही. पण करुणा चिवट. शेंगोळ्यांच्या रश्शाचा रंग खिडकीशी सकाळी नऊ ते दहाच्या उजेडातच खरा उतरतो, हे तिनं शोधून काढलं. लोक नुसतं ‘भाकरी’ असं शोधत नाहीत, ‘भाकरी थापताना का तुटते’ असं शोधतात, हेही तिला कळलं. मग तिनं मावशीला पाटावर बसवून वजनकाटा पुढं ठेवला.

“मूठ म्हणजे किती?”

“मूठ म्हणजे मूठ. ह्ये बघ.”

“अगं, वाचणारीची मूठ तुझ्याएवढी नसली तर?”

“मग तिनं दोनदा घ्यावं की बाई.”

करुणानं ती मूठ काट्यावर ओतून घेतली, चिमूट ओतून घेतली, ‘वाईच’ म्हणजे किती ते तीन वेळा मोजून सरासरी काढली. केसरबाईला याची गंमत वाटायची. आयुष्यभर तिच्या हाताकडं इतक्या बारकाईनं कुणी पाहिलं नव्हतं. येसर आमटीचा लेख आला तो असाच, चार दिवस भाजणं, दळणं, मोजणं करून, आणि तो सुटलाच. पुणे, नागपूर, दुबई, कुठून कुठून बायका लिहायला लागल्या. कुणाला आजोळ आठवलं, कुणाला लग्नातली पंगत. दुसऱ्या वर्षाअखेर ब्लॉगला रोज हजारो माणसं येऊ लागली.

आणि माणसं आली की प्रश्न येतात. “छान लिहिता. कुठल्या आपण? आडनाव नाही लिहिलं?” हा प्रश्न वरून कितीही गोड असला तरी विचारणाऱ्याला काय हवं असतं हे विचारणाऱ्यालाही ठाऊक आणि ऐकणाऱ्यालाही. करुणानं पानावर नुसतं ‘करुणा’ एवढंच लिहिलं होतं. लहानपणी कन्नडला, तालुक्याच्या शाळेत, सहा वर्षं तिच्या डब्याला कुणी हात लावला नव्हता. आता जगभरच्या बायका तोच डबा आपापल्या घरी रांधत होत्या. कुणाच्या चुलीवरचा हे कळलं तर त्यातल्या किती रांधतील, याचा हिशेब मांडायची तिची छाती होत नव्हती.

अशात पुण्याच्या एका बाईंनी लिहिलं, “तुमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी फारच गुणी दिसतात. नशीबवान आहात हो.”

करुणाला हसू आलं. ‘अहो, ती माझी आई’ असं लिहायला तिनं बोट टेकवलंही. पण त्याच वेळी खाली दुसरीनं लिहिलं, “आम्हाला पण अशी मावशी मिळवून द्या!” आणि तिसरीनं, “पगार वाढवा त्यांचा.” बघता बघता शंभरेक जणींनी ठरवून टाकलं की ही कुणी बऱ्या घरची बाई आहे, हिच्याकडं स्वयंपाकाला बाई येते. त्या दिवसापासून आडनाव विचारणं बंद झालं. करुणानं टेकवलेलं बोट उचललं. नंतर सांगू म्हणाली. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण ज्यानं काढली त्याला मुठीत काय गुदमरतं याची काळजी नसावी.

केसरबाईला अक्षरओळख नव्हती. संध्याकाळी करुणा तिला लोकांचं लिहिलेलं वाचून दाखवायची, म्हणजे गाळून गाळून. “मावशींना नमस्कार सांगा” हे वाचायची, पगाराचं सोडून द्यायची.

“सारा मुलूख मला मावशी म्हणतो ग,” केसरबाई म्हणायची. तिला वाटायचं, रूपा-सम्यकसारखीच ही आणखी पोरं. एकदा तिनं विचारलं, “बोकडाची वजडी का टाकत नाहीस? तुझ्या बापाला लई आवडायची.”

“लोकांना नाही चालत, मावशी.”

“लोकांला, का तुला?”

करुणानं वजनकाटा पुसायला घेतला, आणि केसरबाईनं पुन्हा विचारलं नाही.

मग एका मसाला कंपनीचा फोन आला. त्यांना व्हिडिओ करायचे होते, घरी येऊन, मावशींसकट. करुणा दोन दिवस नुसती घर आवरत होती. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या तसबिरी तिनं आतल्या खोलीत नेऊन ठेवल्या, चौकटीत उजेड चमकतो म्हणून. राजकुमार कामावरून आला, रिकाम्या खिळ्यांकडं बघितलं आणि हातपाय धुवायला गेला. केसरबाईनं मात्र रूपाच्या लेकीच्या नामकरणात नेसलेली जांभळी साडी काढून ठेवली होती.

कंपनीकडून श्रेया नावाची मुलगी आली. चांगली होती बिचारी, हसरी, आल्या आल्या केसरबाईच्या पाया पडली. “मावशी, ही साडी खूप भारी आहे, पण रोजची नेसाल का? कामात असता तशी.” केसरबाई आत जाऊन विटकी हिरवी नेसून आली. करुणाला सोफ्यावर बसवलं, केसरबाईला ओट्याशी उभं केलं. येसर भाजून झाला, धूर झाला, हशा झाला. सगळं छान चाललं होतं. शेवटी श्रेयानं कॅमेरा केसरबाईकडं वळवला.

“मावशी, किती वर्षं झाली इथं कामाला? ताई नीट सांभाळतात ना तुम्हाला?”

केसरबाईला आधी कळलं नाही. तिनं श्रेयाकडं बघितलं, मग करुणाकडं. करुणा दिव्याच्या स्टँडकडं बघत होती, जसं काही त्याचा स्क्रू ढिला झालाय. एक शब्द पुरला असता. घरात चार परकी माणसं होती, चौघंही चांगली होती, आणि करुणाच्या तोंडून तो शब्द निघाला नाही. तेवढ्यात केसरबाईला सगळं कळलं. लोक मावशी का म्हणतात ते कळलं, जांभळी साडी, रिकामे खिळे, वजडी, सगळं.

ती कॅमेऱ्याकडं बघून हसली. “झाली की धा-बारा वर्षं. ताई लई चांगल्या हायेत. पोटच्या पोरीनं बघावं तशा बघतात मला.”

“कट! मावशी, तुम्ही तर रडवलंत,” श्रेया म्हणाली.

ते लोक जेवूनच गेले. केसरबाईनं सगळ्यांना वाढलं आणि आपलं ताट स्वयंपाकघरात घेतलं, कारण तशा बायका तिथंच जेवतात. सगळे गेल्यावर करुणा ओट्याशी येऊन उभी राहिली. केसरबाई कढई घासत होती.

“मावशी, तू असं का बोललीस?”

“तू काय बोलली नाहीस, म्हणून बोलले.” तिच्या आवाजात राग नव्हता. “तुझं एवढं उभं राहिलंय, माझ्या एका शब्दानं पडाया नको.”

करुणा तिच्या गळ्यात पडून रडली. नीट लिहिते, सगळ्यांना सांगते म्हणाली. केसरबाई ओला हात तिच्या पाठीवरून फिरवत “बरं, बरं” म्हणत राहिली.

तो व्हिडिओ कधी नव्हे इतका चालला. कंपनीनं आणखी तीन मागितले. ते होईपर्यंत तोंड उघडणं बरं दिसलं नसतं, म्हणून करुणा थांबली. मग तिला एक दिवस सुचला. मे महिन्यात मातृदिन येतो, त्या आठवड्यात आईवरचं सगळं लोक दुप्पट वाचतात. त्या दिवशी सांगायचं, सगळ्या जगाला एकदम. तिनं लेख लिहून तयार ठेवला, मथळाही चांगला शोधला. आईला आई म्हणायला तिनं चांगल्या आकड्यांचा मुहूर्त काढला होता. आणि यात आपण काही वावगं करतोय असं तिला वाटलं नाही, इतकी ती त्या धंद्यात मुरली होती.

केसरबाई मार्चमध्ये गेली. सकाळी चहा करायला उठली आणि ओट्याशीच खाली बसली. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

पुण्यानुमोदनाला तसबिरीसाठी फोटो शोधायला बसले तेव्हा करुणाच्या मोबाइलमध्ये केसरबाईच्या हातांचे अडीच-तीन हजार फोटो निघाले. थापणारे, भाजणारे, मूठ भरणारे. चेहरा मसाला कंपनीच्या व्हिडिओत होता, पण त्यातला घ्यायला राजकुमार नाही म्हणाला. शेवटी आधार कार्डावरचा मोठा करून लावला.

वंदना झाली, पिशोरची माणसं बोलली, सम्यक बोलता बोलता खाली बसला. माणसं पांगल्यावर रूपा करुणाजवळ येऊन टेकली.

“तुला ठाऊक नसंल,” ती म्हणाली. “तू बोलाया लागलीस तेव्हा माय म्हणायचीस मावशीला. चांगलं खणखणीत. तू माय म्हणलीस की सम्यक कोपऱ्यात जाऊन रडायचा, त्याला आपली माय आठवायची. मग मावशीनं तुझी सवय मोडली. तू माय म्हणलीस की ओ द्यायची नाय. मावशी म्हणलीस की धावत यायची. आठ-पंधरा दिवस तू रडलीस, मग शिकलीस.”

करुणा उठून मोरीत गेली, नळ सोडला आणि त्या आवाजात मोठमोठ्यानं रडली. आपल्या आईनं बहिणीच्या पोरांसाठी एक हाक सोडून दिली होती, आणि आपण तीच हाक कशासाठी गिळली, हे तिला आता कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मातृदिनाचा तयार लेख पुसून टाकला. मथळा नाही, फोटो नाही. नुसतं लिहिलं, “मावशी गेली. मावशी माझी आई होती.” आणि टाकून दिलं.

उत्तरं लगेच यायला लागली. हात जोडलेले, रडणारे चेहरे. “फार वाईट झालं.” “त्यांचा तो व्हिडिओ विसरणार नाही.” “खरंय ताई, काही मावश्या आईसारखाच जीव लावतात.” एकीनं लिहिलं, “दुसरी कुणी मिळाली का? आमची पण सोडून गेली, चांगली बाई मिळणं मुश्कील झालंय.”

करुणानं त्या बाईला लिहिलं, “अहो, ती माझी सख्खी आई होती.”

पाच मिनिटांत उत्तर आलं. “सख्ख्यांहून जास्त असतात, ताई. घरकाम करणाऱ्या बाईला आई म्हणायला मन मोठं लागतं. तुमच्यासारखी माणसं आता राहिली नाहीत.”

दुपारपर्यंत त्या उत्तराला सहाशे जणांनी बदाम दिले होते.