कॉटनवुड कॉन्फरन्सची जादा फेरी

कॉटनवुड कॉन्फरन्स बंद पडून अठ्ठावीस वर्षं झाली होती. नेब्रास्कातल्या सहा छोट्या कॉलेजांची ती क्रीडा संघटना. त्यातली चार कॉलेजंही आता उरली नव्हती. इतिहास लिहायला दुसरं कोणी पुढे येईना, म्हणून शेवटचे सचिव डेल्मर ह्रुस्का यांनीच ते काम अंगावर घेतलं.

जुने खेळाडू फोटो, कात्रणं पाठवू लागले. एकानं १९६१ सालच्या दोन मैलांच्या शर्यतीची फिल्म धाडली. शर्यत आठ फेऱ्यांची. बघताना डेल्मरना आकडा जुळेना. पुन्हा लावून त्यांनी बोटांवर मोजलं. पोरं नऊ फेऱ्या धावली होती. आठवी संपली तेव्हा लेलंड वोपॅट चांगला वीस पावलं पुढे होता. नवव्या फेरीत त्याचा दम संपला आणि रॉय सँडक्विस्टनं त्याला गाठलं. फेऱ्या मोजून शेवटच्या फेरीची घंटा वाजवायचं काम त्या दिवशी कॉलेजात नव्यानंच शिकवायला लागलेल्या डेल्मरकडे होतं.

सकाळी उठून ते थेट लेलंडच्या शेतावर गेले.

“लेलंड, ती शर्यत तू जिंकला होतास. माझी मोजणी चुकली.”

लेलंडनं शांतपणे कॉफी ओतली. “ठाऊक आहे, मास्तर. पळणाऱ्याला कळतं.”

“मग तेव्हाच का नाही बोललास?”

“बोलणारच होतो. पण रॉयची आई वायोमिंगहून दोन बस बदलून आली होती. पोराच्या गळ्यात पडून रडत होती. त्यात तुम्ही नवे मास्तर. म्हटलं, जाऊ दे.”

“आणि मला सांगतोय, पायात गोळा आला होता म्हणून,” त्याची बायको आर्लिस म्हणाली. “चाळीस वर्षं.”

“रॉयला कळलं होतं?” डेल्मरनी विचारलं.

“त्या उन्हाळ्यात न बोलावता आला. तीन आठवडे आमच्या बाबांबरोबर गवत कापलं, मजुरी घेईना. शर्यतीचं नाव त्यानं काढलं नाही, मीही नाही. जन्मभराचा दोस्त झाला. चार वर्षांपूर्वी गेला.”

डेल्मरनी कप खाली ठेवला. मग त्यांनी विचारलं, “आता पुस्तकात काय लिहू?”

“विजेता रॉयच राहू दे. खाली लिहा, फेऱ्या नऊ झाल्या. अन् मोजल्या कोणी तेही लिहा.”

“एवढं मात्र सोडणार नाहीस.”

“नाही,” लेलंड हसला.

डेल्मरनी तस्संच लिहिलं, स्वतःच्या पूर्ण नावानिशी.