चौदा जणांचं कडं

नात औषधशास्त्राच्या तोंडी परीक्षेत दोनदा नापास झाली होती. आता गटांगळी खाल्ली तर वर्ष गेलं. उत्तरं यायची, पण परीक्षक दिसले की दातखीळ बसायची. उद्याचा विषय होता मॅक्रोलाइड प्रतिजैविकं, म्हणजे ज्यांचा रेणू मोठ्या कड्यासारखा असतो ती औषधं.

मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. वाचलेलं पुष्कळ, खात्री कशाचीच नाही. तरी जेवायला जमलेला गोतावळा गच्चीवर हातात हात देऊन गोल उभा केला. तेरा जण कार्बन. पहिल्याला नि तेराव्याला जोडणारा ऑक्सिजन मी. तिसऱ्याच्या आणि पाचव्याच्या खांद्याला साखरेच्या पिशव्या.

"हे एरिथ्रोमायसिन," मी पुटपुटलो. "बहुधा."

सहावा माझा थोरला, नातीचा काका. नववी माझी मुलगी, तिची आत्या. तेवढ्यात सूनबाईंनी लिंबाचं सरबत आणलं. आत्याने पेला उचलताच काकाने झडप घातली.

"दादा, हात आवर!"

"तुझ्यात जास्त आहे!"

कडं मोडलं. साखर सांडली.

"अगदी असंच होतं!" नात ओरडली. "पोटातलं आम्ल आलं की सहावा नवव्याला धरतो आणि औषध वाया!"

तिने काकाच्या हातावर गरम भांडी धरायचा जाड मोजा चढवला. आता पेला धरता येईना.

"सहाव्यावर मिथाइलचा मोजा! हे क्लॅरिथ्रोमायसिन!"

मग आत्याचा जावई उगवला. त्याला नायट्रोजन म्हणून तिच्या शेजारी घुसवलं. जावयासमोर आत्याने निमूट पेला खाली ठेवला. मोजा काढला तरी काकाला धरायला काही उरलं नाही.

"पंधरा! अझिथ्रोमायसिन!"

"मी आले तर सोळा?" पलीकडच्या गच्चीवरून शेजारीणबाई म्हणाल्या.

"सोळावाल्यांचं कुळच वेगळं," मी म्हणालो आणि आत जाऊन पुस्तकात बघून आलो. "हो, वेगळंच."

दुसऱ्या दिवशी मी परीक्षेच्या खोलीबाहेर बाकावर होतो. आतून प्रश्न ऐकू आला, "अझिथ्रोमायसिन आम्लात का टिकतं?"

मी उठून दाराला कान लावला.

"कारण आत्या जावयापुढे पेला खाली ठेवते."

"काय?"

"म्हणजे... नवव्या कार्बनवरचा कीटो गट जातो, शेजारी नायट्रोजन येतो. सहाव्याला धरायला काही राहतच नाही!"

परीक्षकांना खोकल्याची उबळ आली. ती बराच वेळ हसण्यासारखी ऐकू येत होती.

नात पास झाली. घरी काका दारातच उभा होता.

"पुढचा विषय कोणता गं?"

"पेनिसिलिन. त्यातलं मुख्य कडं चौघांचंच असतं, काका."

"चौघांचंच?" काकाचा चेहरा उजळला. "मग सरबत पुरेल."